मोझांबिकला जाऊन काय विचारशील?

१८७० साली खामगावच्या बाबतीत दोन गोष्टी घडल्या. जलंब-खामगाव या रेल्वेच्या फाट्याचं उद्घाटन करायला व्हाइसरॉय लॉर्ड मेयो इथवर आला, आणि आल्फ्रेड लायल या अधिकाऱ्याने संपादित केलेलं वऱ्हाडचं गॅझेटियर छापून निघालं. रेल्वेची आठवण गावाला आहे. गॅझेटियर कुणी उघडत नाही. त्यात जमीन आहे, पाऊस आहे, जाती आहेत, देव आहेत, कापसाचे बाजार आहेत, निजामाशी झालेले करार आहेत. एखाद्या मुलखाची अशी चहूबाजूंनी पाहणी करण्याला आज विद्यापीठांत ‘आंतरविद्याशाखीय प्रदेश अभ्यास’ म्हणतात, आणि त्याची पदव्युत्तर पदवी मिळते.

याच पदवीवरून आमच्या शेजारच्या घरात मामा-भाचीचं जुंपलं. मामा म्हणजे आमचे सर. जन्मभर कॉलेजात अर्थशास्त्र शिकवलं. वडील कापसाचे अडत्ये, त्यामुळे बाजार समिती आणि ग्रंथालय या दोन्ही ठिकाणी त्यांना मान. भाची इतिहास, अर्थशास्त्र आणि मराठी घेऊन बी.ए. झालेली. मुंबई विद्यापीठात कालिन्याला आफ्रिकन अभ्यास केंद्र आहे, १९७१ सालचं. तिथं जाऊन आफ्रिकेचा अभ्यास करायचा, असं तिने घरात जाहीर केलं होतं. मी चहाला म्हणून गेलो होतो, तो मग उठलोच नाही.

“काऊन वं, आफ्रिकाच काऊन?” सर चिडले की कॉलेजातली मराठी बाजूला ठेवतात. “एम.ए. इकॉनॉमिक्स कर. ते नको तर इतिहास कर. हे म्हणजे थोडा भूगोल, थोडं राजकारण, एखादी कादंबरी, वरून नाच-गाणं. नुसती फोडणीच फोडणी. भाजी कुठाय?”

“भाजी कापसाची आहे, मामा.”

“कापूस शिकायला आफ्रिकेत जावं लागते? बाप्पा! इथं जिनिंगच्या भोंग्यावर उठलो आम्ही.”

“तुम्ही स्टेपल हाताने काढता ना? दाखवा बरं मला.”

सरांना हे आवडतं. मामींच्या वातींच्या डब्यातून त्यांनी चिमूटभर कापूस उचलला. दोन्ही हातांच्या अंगठ्या-तर्जनीत धरून ओढला, तुटून आलेल्या दोन भागांतला एक टाकला, दुसरा उलटा लावून पुन्हा ओढला. असं करता करता आखूड तंतू गळून गेले, विस्कटलेले सरळ झाले, आणि शेवटी बोटांत एका रांगेत बसलेली पातळ चपटी पट्टी उरली. ती त्यांनी काळ्या पँटवर मांडीवर ठेवली, अंगठ्याच्या नखाने दोन्ही टोकं दाबली, डोळे बारीक केले. “अठ्ठावीस,” ते म्हणाले. मिलिमीटर म्हणायची गरज या गावात पडत नाही.

“याच पट्टीने बुर्किना फासोतून बीटी कापूस घालवला,” भाची म्हणाली.

मग तिने सांगितलं ते असं. पश्चिम आफ्रिकेतला हा देश, समुद्र नाही, पाऊस बेभरवशाचा, कापूस हेच मोठं नगदी पीक. आपल्याकडे बीटीला २००२ साली परवानगी मिळाली. तिथं मोन्सॅन्टो कंपनीचं बोलगार्ड-२ हे बीटी वाण मोठ्या प्रमाणावर लागायला लागलं २००८ पासून. सहाच्या जागी दोन फवाऱ्यांत भागू लागलं, शेतकरी खूश. पण त्या झाडाची रुई आखूड निघाली आणि जिनिंगमध्ये उतारा घटला. फ्रेंच काळापासून बियाणं निवडत निवडत त्या देशाने लांब धाग्याचा, हाताने वेचलेला कापूस म्हणून जगाच्या बाजारात नाव कमावलं होतं आणि त्या नावावर चार पैसे जास्त मिळत होते. ते जायला लागले. २०१६ च्या सुमारास देशाने बीटी बंदच करून टाकलं, आणि नुकसान भरून द्या म्हणून मोन्सॅन्टोच्या मागे लागला.

“बंद केलं? सगळ्याच देशात?”

“सगळ्या देशात. आणि आपल्याकडे २०१७ ला गुलाबी बोंडअळीने विदर्भाचा कापूस खाल्ला, बीटी असून खाल्ला, तरी कुणाला काही बंद करता आलं नाही. ते का, हा माझा प्रश्न आहे.”

सरांना प्रश्न पटला होता, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. पण विद्यार्थ्याचा प्रश्न चांगला निघाला की लगेच त्याच्यावर आपल्या विषयाचा शिक्का मारायचा, ही प्राध्यापकांची जुनी खोड. “सोपं आहे,” ते म्हणाले. “त्यांच्याकडे खरीददार किती?”

“तीन कंपन्या. एकेका भागात एकच. बियाणं तीच देते, खत तीच देते उधारीवर, कापूसही तीच घेते आणि उधारी कापून पैसे देते. शेतकऱ्यांच्या संघटनेचाही त्यात हिस्सा.”

“झालं तर! एकाधिकार. आपल्याकडे १९७२ ला कापूस एकाधिकार खरेदी योजना आली तेव्हा आमचे वडील घरी बसले. सगळा कापूस पणन महासंघालाच घालायचा. भाव चढला की रात्रीच्या गाड्या मध्य प्रदेशात. पण आपल्या एकाधिकारात बियाणं दुकानदाराकडेच होतं. त्यांच्याकडे बियाणं, कर्ज, खरेदी एका हातात, म्हणून रुईचा तोटा ज्याला झाला त्यालाच बियाणं बदलता आलं. आपल्याकडे तोटा विखुरला, कुणाच्याच अंगावर पूर्ण पडला नाही. ही संस्थांच्या अर्थशास्त्रातली दुसऱ्या सत्रातली गोष्ट आहे, पोरी. तुझ्या आफ्रिका अभ्यासाची गरज कुठं लागली?”

“तो एका हातातला कारभार तिथं टिकला कसा, तिथं. गावातल्या गटाने मिळून कर्ज घ्यायचं, एकाने बुडवलं तर बाकीच्यांनी भरायचं. आपल्या गावात चालेल हे? शेजाऱ्याचं कर्ज आपण फेडू?”

“नाही.”

“मग तिथं काऊन चाललं? आणि चाललं तेव्हाही त्यावरून गावात भांडणं किती झाली? याचं उत्तर भाऊबंदकीत आहे, जमीन कोण वाटून देतं यात आहे, फ्रेंच अधिकारी गावच्या मुखियाला कसं वापरत यात आहे. तुमच्या दुसऱ्या सत्रात ‘संस्था’ असा एक चौकोन काढतात आणि पुढे जातात.”

चौकोनाचं हे बोलणं सरांना लागलं. त्यांनी उत्तर दिलं ते मात्र माझ्या मते त्या संध्याकाळचं सगळ्यात वजनदार होतं.

“मूर्तिजापूर तालुक्यात कंझरा नावाचं गाव आहे,” ते म्हणाले. “इथून किती लांब? अकोला ओलांडलं की आलंच. जगातल्या अर्थशास्त्र्यांना खामगाव ठाऊक नाही, पण कंझरा ठाऊक आहे. हैदराबादजवळच्या इक्रिसॅट संस्थेने १९७५ साली तिथं माणूस बसवला. त्याने घरोघरी जाऊन वर्षानुवर्षं लिहून घेतलं: किती पेरलं, किती मजुरी दिली, बैल कधी विकला, कर्ज कुणाकडून घेतलं. तशाच वह्या त्यांनी १९८१ पासून तुझ्या बुर्किना फासोतही भरल्या. आणि त्या वह्या घेऊन क्रिस्टोफर उड्री नावाच्या अर्थशास्त्र्याने १९९६ ला काय दाखवलं? एकाच घरात, त्याच वर्षी, तेच पीक. पण बाईच्या वाट्याच्या शेताला खत कमी, मजूर कमी, आणि म्हणून पीकही नवऱ्याच्या शेतापेक्षा कमी. तेच खत थोडं तिच्या शेतात पडलं असतं तर घराचं एकूण पीक वाढलं असतं. म्हणजे घर म्हणजे एक डोकं, एक तिजोरी, हे अर्थशास्त्राचं गृहीतक अर्थशास्त्रानेच मोडलं. एका विषयात, एका पद्धतीने, आकड्यांनी. ज्या विषयाला स्वतःची चूक पकडायची पद्धत असते त्याला मी विषय म्हणतो. तुझ्या प्रदेश अभ्यासात तू चुकलीस हे तुला कोण सांगणार? इतिहासवाला म्हणेल मला अर्थशास्त्र कळत नाही, अर्थशास्त्रवाला म्हणेल मला नाटक कळत नाही. सगळे एकमेकांना माफ करणार.”

ती जरा वेळ काही बोलली नाही. मामींनी चहा आणला.

“बाईचं शेत वेगळं असतं,” ती मग हळूच म्हणाली, “हे त्या वह्यांत कसं आलं? कंझऱ्याच्या वहीत नवऱ्याचं शेत आणि बायकोचं शेत असे दोन रकाने होते?”

“नसतील. इथं कुठं बायकोचं शेत वेगळं असते.”

“तिथं असते, हे आधी कुणाला तरी माहीत पाहिजे, तेव्हा रकाना पडेल. पश्चिम आफ्रिकेतलं घर एका चुलीचं नसतं, हे मानववंशशास्त्रवाले त्याच्या किती आधीपासून सांगत होते. आकडा उड्रीचा, मान्य. पण रकाना दुसऱ्याच विषयाने आखून दिला. आणि चूक कोण सांगणार म्हणता? तो मुलूखच सांगतो. चार विषयांची चार उत्तरं एका गावात आणून ठेवली आणि ती एकमेकांत बसली नाहीत, की कुणीतरी चुकलेलं असतं.”

इथे सरांनी थोडी लबाडी केली. रकान्याचं उत्तर न देता ते मुंबईहून थेट वॉशिंग्टनला गेले.

“हा विषय जन्मला कशातून, माहीत आहे? १९५७ ला रशियाने स्पुटनिक सोडलं, १९५८ ला अमेरिकेने कायदा केला आणि विद्यापीठांना परक्या भाषा, परके मुलूख शिकवायला पैसा दिला. लंडनची सोआस ही शिक्षणसंस्था १९१६ ची. साम्राज्याला अधिकारी हवे होते म्हणून. आपण अमेरिकेचा पीएल-४८० चा गहू खाल्ला, लाल मिलो खाल्ला. त्याचे रुपये इथंच साठले, आणि १९६२ पासून त्याच रुपयांतून आपली पुस्तकं विकत घेतली गेली आणि अमेरिकेच्या ग्रंथालयांत गेली. जी मराठी पुस्तकं खामगावात शोधून मिळत नाहीत ती तिकडे कपाटात लावलेली आहेत. आणि त्याच्याही आधी आपल्या गावाचं काय झालं? व्होल्कार्ट ब्रदर्स. १८५१ ला विंटरथूर आणि मुंबई, दोन्हीकडे एकाच वेळी दुकान उघडलेले स्विस भाऊ. व्होल्टासमधलं ‘व्होल’ त्यांचं. त्यांची खरेदीची कचेरी खामगावात होती. कुठल्या गावचा कापूस ओला येतो, कुठला सावकार कधी अडतो, सगळं त्यांना ठाऊक. लायलच्या गॅझेटियरात तर ठाऊक नव्हतं असं काहीच नाही. आणि एवढं सगळं ठाऊक असून १८९९-१९०० च्या दुष्काळात वऱ्हाडात माणसं अन्नावाचून मेली. ज्वारीच्या रानात कापूस चढला होता. गाठी रेल्वेने मुंबईला जात राहिल्या. चहूबाजूंनी पाहणारा अभ्यास त्या माणसाच्या कोणत्या कामाला आला?”

हे बोलताना सर खरोखर तापले होते. लक्ष्मण सत्य यांनी वऱ्हाडातला कापूस आणि दुष्काळ यांवर इंग्रजीत लिहिलेलं पुस्तक त्यांच्या कपाटात आहे आणि त्याच्या समासात पेन्सिलीच्या खुणा आहेत.

“तुम्ही माझंच म्हणणं सांगताय,” भाची म्हणाली. “लायलला सगळं ठाऊक होतं, पण त्याचा प्रश्न मँचेस्टरच्या गिरण्यांचा होता. प्रश्न कुणाचा, यावर अभ्यास कुणाचा ते ठरतं.”

“आणि तुझा प्रश्न कुणाचा?”

“खामगावचा. बघा ना. १८६१ ला अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, लिव्हरपूलला तिकडचा कापूस मिळेना, म्हणून आपल्या बाजारात पैसा आला. १८६५ ला युद्ध संपलं, गुलाम सुटले. १८७३ ला जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ हे पुस्तक त्या गुलामांना मोकळं करणाऱ्या अमेरिकन लोकांना अर्पण केलं. युद्ध एकच. पण बी.ए.ला मला इकॉनॉमिक्सच्या पेपरात कापसाचा भाव शिकवला आणि मराठीच्या पेपरात अर्पणपत्रिका. तीन वर्षांत एकाही सरांनी सांगितलं नाही की हे दोन्ही एकाच युद्धाचे आहेत.”

“मी तुझ्या वर्गाला शिकवलं असतं तर सांगितलं असतं.”

“तुम्ही सांगितलं असतं, कारण तुम्ही अडत्याच्या घरचे आहात. अभ्यासक्रमात नव्हतं.”

सरांना हसू आलं. त्यामुळे पुढचं बोलणं जरा मोकळं झालं. त्यांनी एलिनॉर झेलियट यांचं नाव काढलं. अमेरिकन बाई, १९६९ साली पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात आंबेडकर आणि महार चळवळीवर प्रबंध केला; तेव्हा आपल्या विद्यापीठांत हा विषय मार्गदर्शकापुढे न्यायची किती जणांची छाती होती? आणि हायडेलबर्गचे गुंथर सोन्थायमर, खंडोबाच्या मागे धनगरांबरोबर माळरानं फिरलेले. “पण हे लोक,” सर म्हणाले, “मराठी शिकले. व्याकरणापुरती नाही, बाजारात भांडता येईल इतकी. तुझ्या अभ्यासक्रमात भाषा कोणती?”

“फ्रेंच शिकेन.”

“फ्रेंच! बोबो-जुलासोच्या कापूसवाल्याशी फ्रेंच बोलशील? आपल्या पारखेडच्या माणसाशी गोऱ्या साहेबाने इंग्रजी बोलण्यासारखं झालं.”

“तिथं बाजारात जुला चालते. मला ठाऊक आहे.”

“ठाऊक असणं वेगळं, येणं वेगळं.”

या एका मुद्द्यावर भाचीकडे उत्तर नव्हतं, आणि माझ्या मते कुणाकडेच नाही. आपल्याकडे असे अभ्यास बहुतेक इंग्रजी पुस्तकांतून होतात. पुस्तकं लंडन-पॅरिसहून येतात, आपण ती वाचून आफ्रिकेबद्दल मत बनवतो, आणि त्याला आपला दृष्टिकोन म्हणतो. हे काम खामगावात बसूनही करता येतं.

तिने मग अप्पासाहेब पंतांचं उदाहरण दिलं. औंधचे राजपुत्र, १९४८ साली नैरोबीत भारताचे पहिले आयुक्त. केनियातल्या स्वातंत्र्यवाद्यांशी इतके जवळ गेले की इंग्रजांनी दिल्लीकडे तक्रारी केल्या. “ते बॅरिस्टर होते, आफ्रिकेत एम.ए. नव्हते,” सर म्हणाले. ती म्हणाली, बरोबर, पण औंधात गावांच्या हाती कारभार देण्याचा प्रयोग त्यांनी आधी केलेला होता. ते तिथं गेले ते काहीतरी घेऊन. सरांनी मान हलवली, पण हे उदाहरण दोघांच्याही बाजूने वापरता येतं हे दोघांनाही कळलं, म्हणून ते तिथेच राहिलं.

केनियाचा लेखक न्गुगी वा थिओंगो याचं उदाहरण मात्र तसं राहिलं नाही. केनियात लिमुरूजवळ कामिरिथू नावाचं गाव. १९७७ साली तिथल्या लोकांनी स्वतः उघड्यावर रंगमंच बांधला आणि गिकुयू भाषेत नाटक केलं. लिहिणारे दोघे, त्यातला एक न्गुगी, पण संवाद गावाने दुरुस्त केले. नट कोण? चहाच्या मळ्यांतले मजूर, जवळच्या बाटाच्या कारखान्यातले कामगार.

“बाटा? आपलं बाटा?”

“तेच. नाटक दीड महिन्यात बंद पाडलं, आणि वर्षाच्या शेवटच्या दिवशी न्गुगीला उचललं. इंग्रजीत त्याने सरकारवर कितीतरी लिहिलं होतं, तेव्हा हात लावला नव्हता. गावाच्या भाषेत गावाने बोललं तेव्हा तुरुंग. आता मामा, हे नाटक कोणत्या विभागात शिकवायचं? इंग्रजी विभाग म्हणेल भाषा आमची नाही. अर्थशास्त्र म्हणेल नाटक आमचं नाही. आणि त्या नाटकात आहे काय, तर एका गरीब माणसाची दीड एकर जमीन कशी जाते.”

सर बराच वेळ बाटावर अडकले होते. तरुणपणी त्यांनी दंडारीत काम केलं आहे. पाटलाची नक्कल केली म्हणून एकदा खेळ थांबवला होता, ती गोष्ट त्यांनी पुन्हा सांगितली. आम्ही ती ऐकून आहोत.

पण मग ते मुळावर आले. “नोकरीचं काय? नेटला ‘आंतरराष्ट्रीय व प्रदेश अभ्यास’ असा विषय आहे, तू पास होशील. पुढे? आपल्या जिल्ह्यात त्या विषयाची एक तरी जागा निघालेली तू पाहिली? मुंबईत राहायचा खर्च तुझ्या बापाने कुठून आणायचा? यंदा तुरीला भाव नाही. आणि तुरीला भाव काऊन नाही? आफ्रिकेची तूर आली म्हणून! ज्यांच्या तुरीने आपला भाव पाडला त्यांचाच अभ्यास करायला पोरगी चालली.”

खामगावच्या बाजार समितीत हे वाक्य दर हंगामात ऐकू येतं. भाव पडला की ‘आफ्रिकेची तूर आली’. कोणती आफ्रिका, कुठलं बंदर, हे कुणी विचारत नाही. भाचीने हातातला कप खाली ठेवला.

“मोझांबिकची,” ती म्हणाली. “२०१५ ला आपल्याकडे तूरडाळ दोनशे रुपये किलो झाली होती, आठवते? म्हणून २०१६ ला सरकारने मोझांबिकशी करार केला. पहिल्या वर्षी एक लाख टन तूर घेऊ, वाढवत वाढवत पाचव्या वर्षी दोन लाख. तिथल्या नांपुला, झांबेझिया भागातल्या लहान शेतकऱ्यांनी मग तूर वाढवली. तिथं तिचं मोठं गिऱ्हाईक एकच, भारत. त्याच हंगामात आपल्याकडेही सगळ्यांनी तूर पेरली, पाऊस चांगला झाला. २०१७ ला काय झालं ते तुम्ही पाहिलं.”

“नाफेडच्या केंद्रापुढे ट्रॅक्टरच्या रांगा. बारदाना संपला. लोक रात्री पोत्यावर झोपले.”

“आणि त्याच ऑगस्टमध्ये सरकारने तुरीच्या आयातीवर वर्षाला दोन लाख टनांची मर्यादा घातली. मोझांबिकमध्ये भाव कोसळला. तिकडच्या शेतकऱ्याने भारतावर भरवसा ठेवून पेरलं होतं. त्याच वर्षी इकडचाही बुडाला आणि तिकडचाही. इकडचा म्हणतो आफ्रिकेच्या तुरीने मारलं. तिकडचा म्हणत असेल भारताच्या सरकारने मारलं. कोण काय म्हणतो हे त्यांच्या घरात बसून ऐकलेला एक तरी माणूस आपल्या जिल्ह्यात आहे?”

“नाही,” सर म्हणाले.

“मग एक असू द्या.”

सरांनी वातींचा डबा बंद केला. हरल्यासारखे दिसत नव्हते. तोंडी परीक्षा घ्यायला बसल्यासारखे दिसत होते.

“मोझांबिकला भाषा पोर्तुगीज.”

“गोवा विद्यापीठात पोर्तुगीज विभाग आहे. आणि १७५२ पर्यंत मोझांबिकचा कारभार गोव्यातूनच चालायचा.”

“ती कारकुनाची भाषा झाली. नांपुलाचा शेतकरी मखुवा बोलतो. ती?”

“ती तिथंच शिकावी लागेल.”

“म्हणजे वर्ष-दोन वर्षं तिथं राहणं आलं. ते एम.ए.त बसत नाही. त्याच्या आधी कंझऱ्याला जाऊन पाहा, एक माणूस एका गावात दहा वर्षं कसा बसतो. आणि आकडेशास्त्र माझ्याकडे शिक. ते तुझ्या केंद्रात कितपत शिकवतात मला शंका आहे. मोझांबिकला जाऊन काय विचारशील? पहिला प्रश्न सांग.”

“तुरीचे पैसे घरात कुणाच्या हातात जातात?”

“चूक. पहिलं विचार, भाव त्याला कधी कळतो. पेरायच्या आधी, का तोडल्यावर? त्यावर सगळं आहे.”

“भाव कळून काय करायचं, जर पैसे मोजणारा दुसराच असला?”

“बरं, दोन्ही विचार. पण दोन वेगळ्या वह्यांत लिही. एक भावाची, एक घराची. नाहीतर पुढे काही वेगळं काढता येत नाही.”

“एकाच वहीत लिहीन,” ती म्हणाली.